सिगरेट आधी सोडू की वजन आधी उतरवू? नाशिककरांनो, सांगा

सातपूर_सेकंड_शिफ्ट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

वय ४६, उंची पाच फूट सात, वजन १०४. राहायला सिडकोत, नोकरी सातपूर एमआयडीसीत, मशीन शॉपला. सिगरेट डिप्लोमाच्या दिवसांपासून. रोजचं एक पाकीट, नाइट असली की त्यावर चार-पाच जास्त. सकाळी डोळे उघडले की आधी गॅलरी, मग तोंड धुणं.

कंपनीच्या वार्षिक मेडिकलला बीपी १४६/९४ निघालं, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, सिगरेट सोडा." मी विचारलं, साहेब, आधी काय? तोवर त्यांनी पुढच्याला हाक मारली होती.

आता घरात आणि शॉपमध्ये दोन तट पडलेत. बायको म्हणते सिगरेट आधी. शॉपमधले म्हणतात, येडा आहेस का, सिगरेट सोडली की माणूस फुगतो, तू आधीच शंभरी पार केलीयेस, आधी वजन उतरव मग सोड. गंगापूर रोडच्या एका जिममध्ये चौकशी केली, वर्षाची फी एकदम भरली तर चांगली सूट देतायत. भरू का?

दुसरं म्हणजे बुटांबद्दल सांगा. हल्ली जरा भरभर चाललं की उजवी पोटरी आवळून येते, उभा राहिलो की जाते. वजनाचाच परिणाम असणार, पण बूट बदलून फरक पडेल का?

शिंगाडा_तलाव

फी भरू नका. जिम जानेवारीत पैसे भरून फेब्रुवारीत गायब होणाऱ्यांच्या जिवावर चालते, मी स्वतः त्या पुण्यकर्माला दोनदा हातभार लावलाय. महिन्याची भरा, तीही चालून दम लागायचा थांबल्यावर.

रस्सा_जास्त

शॉपवाल्यांच्या बाजूने माझं मत. माझ्या मेहुण्याने सिगरेट सोडली आणि वर्षभरात शर्टाचे दोन नंबर वाढले. मग वैतागून परत सुरू केली. आता वजनही आहे आणि सिगरेटही. त्यापेक्षा आधी सहा महिने घाम गाळा, आठ-दहा किलो उतरवा, मग सिगरेटला हात घाला. दोन आघाड्यांवर एकदम लढायला गेलं की दोन्हीकडे मार खातो माणूस.

गोदाकाठचा_धावपटू

रस्साभाऊ, दोन आघाड्या एकदम नकोत हे पटलं. पण क्रम उलटा लावलात.

मी पंधराएक वर्षं ओढली, सोडूनही बराच काळ झाला. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १० हजार मीटरला ब्राँझ घेतलं, तेव्हा ती बातमी मी टपरीवर धूर काढत बघितली होती. तेव्हा कुणी मला सांगितलं असतं की तू पण पळशील, तर त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

धूर चालू ठेवून व्यायाम करणाऱ्याचं काय होतं ते सांगतो. पहिले पंधरा दिवस जोर असतो. मग लक्षात येतं की दम तेवढाच लागतोय, शेजारचा साठीचा माणूस पुढे निघून जातोय. मनात येतं, आपल्याच्याने होणार नाही. व्यायाम सुटतो. सिगरेट मात्र राहते, कारण वैतागल्यावर तीच हाताशी असते.

उलट बाजूने गेलं की चालणंच सिगरेटविरुद्ध कामाला येतं. तलफ येते ती काही मिनिटांची असते. त्या मिनिटांत खुर्चीवर बसून दात-ओठ खात राहिलात तर हराल. उठून पाच-दहा मिनिटं झपझप चालून या, तलफ उतरते. मी ऑफिसचे जिने वापरायचो. त्यात वजन उतरत नाही, उतरवायचंही नसतं तेव्हा. सिगरेटची वेळ टळली, काम झालं.

जिमचं नंतर बघा. आधी घराजवळचं मैदान.

निफाडकर

आमच्याकडे थंडी पडली की निम्मं गाव खोकतं, त्यात ओढणारे वेगळे ओळखू येतात. दादा, एक काढा आहे, अडुळसा, ज्येष्ठमध, तुळस, गवती चहा. एकवीस दिवस घेतला की फुप्फुसातलं सगळं डांबर सुटून बाहेर येतं. शेजाऱ्याला गुण आला.

शिवाय ती बॅटरीवाली सिगरेट मिळते म्हणे, त्यावर या आणि हळूहळू सोडा.

शिंगाडा_तलाव

बॅटरीवाल्या सिगरेटवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. विकणंही गुन्हा. जी मिळते ती चोरीछुपे येते, आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच ठाऊक.

अवांतर: काढ्याला माझा विरोध नाही, पण डांबर सुटून बाहेर येतं ते नेमकं कुठून येतं हो?

अमृता_फिजिशियन

धागाकर्ते, बूट बाजूला ठेवा. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात आहे आणि त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.

सांगा मला: ठराविक अंतर चाललं की पोटरी आवळते, थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळी होते, पुन्हा साधारण तेवढंच चाललं की पुन्हा आवळते. चढावर किंवा जिन्यावर लवकर. बसल्या जागी अजिबात नाही. असंच आहे का? असेल तर ते वजनाचं दुखणं नसण्याची शक्यता बरीच आहे. पायाला रक्त नेणाऱ्या नळीत, म्हणजे रोहिणीत, चरबी साचून ती अरुंद झाली की चालताना पोटरीच्या स्नायूला हवं तेवढं रक्त पोचत नाही, स्नायू ओरडतो. उभं राहिलं की मागणी घटते, दुखणं थांबतं. अनेक वर्षं सिगरेट ओढणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. बीपी आणि काठावरची साखर त्यात भर घालतात.

घाबरवायला लिहीत नाहीये. पण जे पायाच्या नळीत होतं ते हृदयाच्या आणि मानेच्या नळ्यांतही होत असू शकतं, म्हणून तपासल्याशिवाय जिममध्ये पाऊल ठेवू नका. तपासणी सोपी आहे. घोट्याशी बीपी घेतात, दंडाशी घेतात, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. भागाकार ०.९ च्या खाली आला तर रोहिणी अरुंद झाल्याची शक्यता दाट. त्याला एबीआय म्हणतात, दुखत नाही, सुई नाही. सोबत ईसीजी, स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवत हृदय तपासतात ती), कोलेस्टेरॉल, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि फुंकर मारायची फुप्फुसाची चाचणी करून घ्या. तुम्ही ईएसआयसीत, म्हणजे कामगार विम्यात, असाल तर सातपूरच्या रुग्णालयात विचारा, खिशाला भार नको.

मधल्या काळात चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, असं काही झालं तर जागेवर थांबायचं आणि थेट इमर्जन्सी गाठायची. "गॅस असेल" म्हणत इनो शोधायचा नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. सिगरेट आधी. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे तुमचं रक्त रोज थोडी जागा अडवूनच फिरतंय. सिगरेट थांबली की एक-दोन दिवसांत ही जागा मोकळी होते. व्यायामाने एवढ्या लवकर एवढं काही मिळत नाही. वर्षभरात हृदयविकाराचा सिगरेटमुळे वाढलेला धोका निम्म्यावर येतो. फुप्फुसाचं म्हणाल तर ऐन तारुण्यानंतर सगळ्यांचीच क्षमता दरवर्षी थोडी घटते, ओढणाऱ्यांपैकी अनेकांची कितीतरी वेगाने. सोडल्यावर गेलेलं फारसं परत येत नाही, पण घसरणीचा वेग न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. म्हणून सहा महिने वजनात घालवून मग सोडणं हे मला न पटणारं गणित आहे.

वजन वाढतं हे खरं. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. काहींचं बरंच जास्त, काहींचं काहीच नाही. निकोटिन भूक मारतं आणि शरीराचा बसल्या जागीचा खर्च थोडा वाढवतं, ते दोन्ही बंद होतं. वर जिभेला चव परत येते. पण त्या पाच किलोंनी सिगरेट सोडल्याचा फायदा पुसला जात नाही. रस्सा_जास्त यांच्या मेहुण्यांना हे आधी कुणी सांगितलं असतं तर ते वैतागले नसते. वजनकाटा तीन महिने माळ्यावर टाका. हवं तर कंबर मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटरची मर्यादा धरतात.

निफाडकर, काढा घशाला बरा वाटतो, जरूर घ्या. डांबर वगैरे सुटत नाही. सोडल्यावर काही आठवडे खोकला आणि कफ वाढतो, कारण श्वासनलिकेतली बारीक केसांची झाडलोट पुन्हा सुरू होते. श्रेय काढ्याला जातं एवढंच. मात्र कफात रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरायला लागलं तर काढा नको, डॉक्टर.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय तसंच आहे सगळं. गेटपासून शॉपपर्यंत जाताना कँटीनच्या कोपऱ्यावर हमखास. मी तिथे मोबाइल बघायच्या निमित्ताने थांबतो. बायकोला वाचून दाखवलं, तिने माझ्या हातातून फोन घेऊन तपासणीची वेळ ठरवली.

बाकी तुमचं पटलं. शॉपच्या भाषेत, फिल्टर चोक असलेल्या कॉम्प्रेसरवर लोड वाढवण्यात अर्थ नाही.

पण सोडायची कशी? एकदम की कमी करत? दिवसाला दोन-दोन कमी करायचा बेत आहे.

पंचवटीची_सून

भाऊ, मी ओढणाऱ्याची बायको म्हणून लिहितेय. आमच्याकडे हे प्रकरण निभावलंय.

"दोन-दोन कमी" हा बेत आमच्या ह्यांनी कितीतरी वेळा केला. दिवसभर सिगरेट मोजत बसायचे आणि राहिलेल्या सिगरेटींचा विचार करायचे. शेवटी तारीख ठरवली. सणाची नाही, लग्नसराईची नाही, साधा मंगळवार. आदल्या रात्री घरातलं पाकीट, लायटर, ॲशट्रे, गाडीच्या डिकीतलं राखीव पाकीट, सगळं बाहेर. राखीव पाकीट कुठे असतं ते बायकोला माहीत असतं, हे नवऱ्यांना माहीत नसतं.

पहिला आठवडा वाईट. माणूस घरात वाघासारखा फिरतो, मुलांवर खेकसतो, पोट साफ होत नाही, झोप नाही. मी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं की बाबा चिडतील, ते तुमच्यावर नसतं. तुमच्या घरीही सांगून ठेवा.

आणखी एक, तुम्ही घोरता का? झोपेत श्वास अडकतो असं वहिनी म्हणतात का? आमच्या ह्यांचं तेच होतं, दिवसभर पेंगायचे आणि जाग यायला सिगरेट. तपासल्यावर झोपेतला श्वास अडकण्याचा आजार निघाला. वजन आणि मान जाड असलेल्यांना होतो म्हणे. बीपी पण त्याने वाढतं. डॉक्टर, बरोबर ना?

अमृता_फिजिशियन

अगदी बरोबर. घोरणं, दिवसा पेंग आणि न ऐकणारं बीपी एकत्र असेल तर झोपेची तपासणी करायलाच हवी.

एकदम की हळूहळू, तर तारीख ठरवून एकदम सोडणाऱ्यांचं यश जरा बरं असतं. पण एकदम म्हणजे नुसत्या मनाच्या जोरावर नव्हे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट लागते म्हणजे निकोटिनची पकड घट्ट आहे. तुमची तर तोंड धुवायच्या आधी. अशांना चार मिलिग्रॅमचा निकोटिन गम लागतो, तो चिठ्ठीवर मिळतो. दोनचा चिठ्ठीशिवाय मिळतो, पण तुम्हाला तो अपुरा पडेल आणि तुम्ही म्हणाल की गमने काही होत नाही. त्वचेवर लावायचा पॅच आणि गम दोन्ही मिळून जास्त चांगलं काम करतात. गोळ्याही आहेत, त्या मात्र तपासूनच देतात. पायाचा आणि हृदयाचा निकाल हातात आला की हे तुमच्या डॉक्टरांशी बोला.

गम बहुतेक लोक चुकीचा खातात. तो बबलगमसारखा चघळायचा नसतो. हळू चावायचा, तिखटसर झिणझिण आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झिणझिण गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, पुन्हा ठेवायचा. असं अर्धा तास. भराभर चावला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि तलफ तशीच राहते. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक नको, शोषण कमी होतं.

चहावरून आठवलं. सिगरेटच्या धुराने यकृत कॅफिन लवकर मोडतं. धूर थांबला की तेच कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. म्हणजे तुमचा रोजचाच चहा सिगरेट सोडल्यानंतर अंगावर दुपटीसारखा यायला लागतो. धडधड, हात थरथरणं, रात्री टक्क डोळे. माणसाला वाटतं सिगरेट सुटल्यामुळे जीव चाललाय. हा परिणाम धुराचा असल्यामुळे गम-पॅचने टळत नाही. त्या मंगळवारपासून चहा निम्म्यावर आणा. हे एवढं केलं तरी पंचवटीच्या सूनबाईंच्या घरचा वाघ थोडा शांत झाला असता.

सिगरेट सोडून मळून खायला सुरुवात करणारे रोज बघते. त्याला सोडणं म्हणत नाहीत. चुना लावून तंबाखू म्हणजे निकोटिन तेवढंच, वर तोंडाचा कॅन्सर.

आणि फोन करा. १८००-११-२३५६, पाकिटावर छापलेला असतो तोच नंबर, फुकट आहे. सोडायच्या तारखेच्या आधी करा. सिव्हिलला तंबाखूमुक्ती समुपदेशनाचीही चौकशी करा.

रस्सा_जास्त

डॉक्टर, मेहुण्याला धागा पाठवला. तीन परिच्छेद वाचून म्हणाला, "पाच किलो सरासरी, मग माझे दहा कुणाच्या वाट्याचे?"

हरलो मी. पण खाण्याचं कुणीतरी बोला. सिगरेट नाही म्हटल्यावर तोंडात सारखं काहीतरी लागतं. मेहुणा फरसाणाचं पाकीट जवळ ठेवायचा.

पंचवटीची_सून

तेच तर! फरसाणाच्या जागी आम्ही गाजर, काकडीचे लांब तुकडे, बडीशेप, वेलची ठेवली. हाताला आणि तोंडाला काम हवं असतं, पोटाला नव्हे. सकाळी भिजवलेले शेंगदाणे-चणे, जेवणात मटकीची नाहीतर मुगाची उसळ, पिठलं-भाकरी. पोट भरलेलं असलं की तलफही जरा नमतं घेते. दुपारचं जेवण झाल्याबरोबर उठून दात घासायचे, कारण जेवणानंतरची ती एक सगळ्यात अवघड.

शनिवारी संध्याकाळचं "बसणं" निदान दोन महिने बंद. पहिल्या पेगनंतर मनाचा निश्चय ग्लासाबाहेर असतो. ह्यावरून आमच्याकडे जास्त भांडणं झाली सिगरेटपेक्षा.

गोदाकाठचा_धावपटू

आणि रविवारची मिसळ. चालायला जाणाऱ्यांचा आवडता सोहळा. पाच किलोमीटर चालून शंभर किलोच्या माणसाच्या तीनशे-चारशे कॅलरी जातात. मग पाव, एक्स्ट्रा रस्सा, पापड, दही, वर जिलबी. उठेपर्यंत खर्चापेक्षा जमा भारी.

रस्सा_जास्त

मिसळीवर यायचं काम नाही. मटकी उसळच असते ती. तर्री निवडायचा हक्क आम्हाला घटनेने दिलाय.

शिंगाडा_तलाव

आयडी बदला आधी, मग बोलू.

सायकल_काका

नमस्कार. वय ६३, वजन कधीकाळी ९६ होतं.

गुडघ्यांसाठी सायकल चांगली. सीट इतकी वर हवी की पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. खुजी सीट ठेवून लोक गुडघे बिघडवतात आणि सायकलला शिव्या देतात. पोहता येत असेल तर त्र्यंबक रोडवरचा सावरकर जलतरण तलाव आहे, पाण्यात वजनाचा भार गुडघ्यावर येत नाही.

एक विनंती. २०१५ साली आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस ॲक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत, पुरी केली, २०१७ ला श्रीनिवास गोकुळनाथांनी एकट्याने. तेव्हापासून नाशकात सायकल ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली, चांगलंच झालं. पण म्हणून पन्नास हजारांची सायकल घेऊन पहिल्याच रविवारी त्र्यंबकेश्वर गाठायला निघणारे असतात. परतीला टेम्पो बघावा लागतो. घरातल्या मुलाची जुनी सायकल काढा आणि कॉलनीत फिरा.

निफाडकर

पांडवलेणीच्या पायऱ्या कशा? दोनशेच्या आसपास आहेत. आमचा एक मित्र म्हणतो, एका दमात वर गेला तो फिट.

अमृता_फिजिशियन

स्ट्रेस टेस्टच्या आधी "एका दमात" वगैरे पैजा नकोत. पोटरी दुखणाऱ्या, बीपी वाढलेल्या, पंचवीस वर्षं ओढणाऱ्या माणसाला पायऱ्यांवर घेऊन जाणारा मित्र दूरच ठेवा. लेणी दोन हजार वर्षं तिथेच आहेत.

थंडीचंही सांगते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचची कोरडी गार हवा ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकेला झोंबते, छाती आवळते. ऊन आल्यावर निघा, नाकातोंडावर मफलर. पहाटे उठण्याचं पुण्य वेगळं, व्यायाम वेगळा.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

मंडळी, उशीर झाला, मध्ये नाइट होती.

तपासण्या झाल्या. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट ठीक. साखर मधुमेहाच्या अलीकडे. फुप्फुसाची चाचणी वयाच्या मानाने कमी आहे. एबीआय डावीकडे ०.९८, उजवीकडे ०.८१. डॉपलर (रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी) केलं, मांडीच्या रोहिणीत एका जागी अरुंद आहे. आत्ता ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. बीपीची, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी दिली. चारच्या गमची चिठ्ठी आणि पॅच मिळाले.

सोडली. मंगळवारी नाही, बुधवारी, कारण मंगळवारी नाइट संपत होती. गम सांगितला तसा ठेवतो. चहा निम्मा केला. टपरीच्या बाजूने न जाता मागच्या गेटने बाहेर पडतो. शॉपमधले म्हणतात, किती दिवस टिकतंय बघू. बघू द्या.

गंमत अशी की तिथले डॉक्टर म्हणाले, पोटरीचा मुख्य उपचार चालणं हाच आहे. दुखतंय म्हणून तर थांबत होतो, आता म्हणतात दुखेपर्यंत चाला. नीट समजलं नाही, बाहेर गर्दी होती. अमृताताई, सांगाल?

अमृता_फिजिशियन

वेळेत गेलात, उत्तम.

तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. अरुंद रोहिणीच्या आसपासच्या बारीक वाहिन्या आणि स्नायू यांना नियमित चालण्याने कामाची सवय होते, थोडक्या रक्तात स्नायू जास्त काम करायला शिकतो. चालण्याची पद्धत मात्र ठरलेली आहे.

सपाट जागेवर, अशा वेगाने चाला की तीन ते पाच मिनिटांत पोटरी बोलायला लागेल. तिथे लगेच थांबू नका. दुखणं मध्यम ते जरा जास्त होईपर्यंत चाला, मग थांबा किंवा बसा. पूर्ण गेलं की पुन्हा. हे चालणं-थांबणं मिळून सुरुवातीला अर्धा तास, पुढे हळूहळू पाऊण तास ते तास. आठवड्यातून किमान तीनदा, आणि निदान तीन महिने. तीन महिन्यांच्या आधी निकाल मागू नका. बऱ्याच जणांचं न दुखता चालण्याचं अंतर यात चांगलं वाढतं. सिगरेट परत सुरू झाली तर मात्र ही सगळी मेहनत त्याच नळीत अडकते.

छातीत दुखलं तर हा नियम लागू नाही, तिथे ताबडतोब थांबायचं. पोटरीपुरतंच बोलतेय.

पावलं रोज रात्री बघा. बोटांच्या मध्ये, टाचेला, कुठे फोड, चीर, काळपट डाग. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाची जखम लवकर भरत नाही. म्हणजे बुटांचा तुमचा प्रश्न शेवटी कामाचाच होता. पुढून रुंद, अंगठा न दाबणारे, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना मापाला घ्या. बसल्या जागी किंवा रात्री पाय दुखायला लागला, पाऊल गार किंवा निळसर पडलं, तर वाट बघायची नाही.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

समजलं. मग श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी? दरवर्षी मित्रांबरोबर अनवाणी करतो. गेल्या वर्षी अर्ध्यातून रिक्षा केली, पोटरीमुळेच.

अमृता_फिजिशियन

अनवाणी नाही. बूट घालून जाण्याबद्दल श्रावणात बोलू, तेव्हाचा एबीआय बघून.

शिंगाडा_तलाव

त्र्यंबकराजाला कळतं सगळं, तो बुटांचं बघून घेईल.

आता जागेचं बोला. मधे-मधे बसता येईल असं सपाट काय आहे?

गोदाकाठचा_धावपटू

गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे अनंत कान्हेरे मैदान. ट्रॅक सपाट, संध्याकाळी माणसांचा राबता, एकटं पडायची भीती नाही. कृषीनगरचा ट्रॅकही छान, मातीचा आहे, पायाला मऊ. पण सिडकोहून गोल्फ क्लब सोयीचं.

फक्त ट्रॅकवर बाकीचे चालत असतात आणि आपण दर पाच मिनिटांनी बसतो, याची लाज वाटू देऊ नका. मला सुरुवातीला वाटायची. कुणी बघत नसतं, सगळे आपापल्या घड्याळातली पावलं मोजत असतात.

रस्सा_जास्त

मेहुणा येतो म्हणतोय. तोही सिडकोतच राहतो. अजून ओढतो, पण म्हणाला मैदानात ओढणार नाही. घेता का बरोबर?

सातपूर_सेकंड_शिफ्ट

घेतो की. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी साडेपाच, सेकंडला सकाळी ऊन आल्यावर. नाइटच्या आठवड्यात झोप झाली तरच. पण पाकीट गाडीत ठेवून या म्हणावं, आणि गाडी माझ्यापासून लांब लावा.

पंचवटीची_सून

डिकीत बघा आधी.